पहाटे उठणाऱ्या पिल्लाची झोप सकाळपर्यंत कशी न्यायची

कुत्र्याचं पिल्लू पहाटे पाचला उठतं याला बहुतेक घरांत दोन कारणं असतात, आणि ती एकापाठोपाठ येतात. सुरुवातीच्या दिवसांत त्याला खरोखर शू लागलेली असते. आपण डोळे चोळत उठतो, त्याला बाहेर नेतो, आत आल्यावर लाडाने चार शब्द बोलतो, ‘आता उठलोच आहोत तर’ म्हणून खायलाही घालतो. आठवडाभरात पिल्लाला कळतं की पाचला आवाज दिला की माणसं येतात, दिवे लागतात, वाटी भरते. मग मूत्राशय भरलेलं नसलं तरी ते पाचला उठतं. गरजेची सवय झालेली असते, आणि ती आपल्याच हातून लागलेली असते.

म्हणून सगळं काम या दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्याचं आहे. गरज असेल तिथे पिल्लाला विनाविलंब मदत करायची. सवय असेल तिथे ती थोडी थोडी पुढे ढकलायची. दोन्हीकडे एकच उपाय लावला की पिल्लाचेही हाल होतात आणि आपलेही.

आधी वय बघा

दिवसा पिल्लू किती वेळ शू धरू शकतं याचा एक ढोबळ हिशोब आहे: जितके महिने वय, त्यात १ मिळवा, तितके तास. म्हणजे २ महिन्यांचं पिल्लू साधारण ३ तास. रात्री झोपेत मूत्र कमी तयार होतं, त्यामुळे हा वेळ वाढतो, पण अमर्याद नाही. ८ ते १० आठवड्यांच्या पिल्लाला रात्रीतून एकदा, कधी दोनदा बाहेर न्यावंच लागतं. १२ आठवड्यांच्या आसपास सलग ५ तास जमू लागतात. ४ महिन्यांची बरीच पिल्लं ६ ते ८ तास काढतात. लहान चणीच्या जातींचं मूत्राशयही लहान, त्यांना थोडा जास्त काळ लागतो.

आता स्वतःचा हिशोब मांडा. पिल्लू १० आठवड्यांचं आहे, रात्री अकराला झोपलं आणि पाचला उठलं, तर ते ६ तास झोपलं. या वयात ही झोप उत्तम आहे. इथे सुधारण्यासारखं काही नाही, फक्त थांबायचं आहे. पण तेच पिल्लू साडेचार महिन्यांचं असेल आणि अजून पावणेपाचला भुंकत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट मात्र वय कितीही असलं तरी लक्षात ठेवावी. कुत्रा हा मुळात पहाटे आणि संध्याकाळी जास्त हुशारीत असणारा प्राणी आहे. रात्रभराची झोप झालेली असल्याने पहाटे त्याची झोप पातळ असते. मध्यरात्री दोनला शू करून आलेलं पिल्लू पुन्हा सहज झोपतं, पण पाचला उठलेलं त्याच सहजतेने झोपत नाही. त्यामुळे पहाटेच्या त्या दहा मिनिटांत आपण काय करतो याला फार महत्त्व आहे.

पाच-सहा दिवस वहीत लिहा

हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून बहुतेक जण टाळतात. मी स्वतः पहिल्या खेपेला टाळलं आणि दोन आठवडे अंदाजाने उपाय करत बसलो. उशाशी एक छोटी वही ठेवा आणि रोज एवढंच लिहा: शेवटचं खाणं किती वाजता, झोपण्याआधीची शेवटची शू किती वाजता, पहाटे जाग किती वाजता, बाहेर नेल्यावर शू लगेच केली की उशिरा, भरपूर की थोडी, आणि आत आल्यावर पुन्हा झोपलं की नाही.

पाच दिवसांनी वही बोलू लागते. जागं होण्याची वेळ शेवटच्या शूच्या वेळेनुसार मागेपुढे होत असेल, बाहेर नेल्या नेल्या भरपूर शू होत असेल आणि नंतर पिल्लू पुन्हा झोपत असेल, तर कारण मूत्राशयाचं. शू अगदी थोडी, नंतर हुंगाहुंगी, उड्या, तुमच्या पायाशी खेळ, आणि वेळ मात्र रोज तीच, तर ती सवय, किंवा त्याच वेळी बाहेर काहीतरी घडतं. रोज बाहेर जाऊन शी होत असेल तर रात्रीच्या खाण्याची वेळ तपासायला हवी.

आमच्या बिट्टीच्या वहीत दोन गोष्टी एकत्र सापडल्या. तिची शू थोडीच असायची. आणि उजाडताना पडद्याच्या फटीतून येणारी उजेडाची पट्टी नेमकी तिच्या क्रेटवर, म्हणजे ती झोपते त्या जाळीच्या पिंजऱ्यावर, पडायची. ती पट्टी वहीशिवाय माझ्या लक्षातच आली नसती, कारण त्या वेळी माझं सगळं लक्ष तिला उचलून दाराकडे पळण्यात असायचं.

पहाटेची तयारी संध्याकाळी होते

रात्रीचं खाणं झोपण्याच्या साधारण ३ तास आधी संपवा. पिल्लाच्या पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल सुरू होते आणि बऱ्याचदा ५ ते ३० मिनिटांत शी होते. उरलेल्याला मध्ये पुरेसा वेळ मिळाला की झोपण्याआधी आणखी एक फेरी होऊन जाते. रात्री दहाला जेवलेलं पिल्लू पहाटे शीसाठी उठलं तर दोष पिल्लाचा नाही.

पण खाणं फार लवकर आटोपलं तर भुकेने जाग येते. सकाळी रिकाम्या पोटी पिवळसर फेस ओकणारं पिल्लू बहुधा हेच सांगत असतं. अशा वेळी दिवसभराच्या मापातलाच एक लहानसा घास झोपण्याच्या तासभर आधी द्या. अगदी छोट्या चणीच्या जातींच्या पिल्लांमध्ये फार वेळ उपाशी राहिल्याने रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांचं रात्रीचं वेळापत्रक पशुवैद्यांना विचारूनच ठरवा.

पाण्याबद्दल उलटसुलट सल्ले मिळतात. दिवसभर पाणी कधीही तोडू नका. झोपण्याच्या दीड-दोन तास आधी वाटी उचलली तरी चालते, पण हवा गरम असेल, पिल्लाने कोरडं खाणं खाल्लं असेल किंवा ते आजारातून उठत असेल, तर वाटी तिथेच राहू द्या. तहानलेलं पिल्लूही झोपत नाही.

आता दिवसाच्या झोपेबद्दल, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. ‘संध्याकाळी खूप पळवलं की सकाळी उशिरापर्यंत झोपेल’ असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात लहान पिल्लाला २४ तासांत १८ ते २० तास झोप लागते. ती दिवसा पूर्ण झाली नाही की पिल्लू अति दमतं, आणि अति दमलेलं पिल्लू शांत होण्याऐवजी चेकाळतं: घरभर सैरावैरा धावणं, पायांना चावणं, विनाकारण भुंकणं. अशा अवस्थेत झोपवलेल्या पिल्लाची झोप तुटक होते आणि पहाटे ते लवकर उठतं. तान्ह्या बाळांच्या आयांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

दिवसा साधारण तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप, हा क्रम बांधा. झोपेची वेळ झाली की त्याला क्रेटमध्ये किंवा शांत खोलीत ठेवा. लोळत असेल तिथे झोपेल या भरवशावर राहू नका, कारण घरात वर्दळ असताना पिल्लू स्वतःहून झोपत नाही. संध्याकाळची शेवटची डुलकी नऊ-साडेनऊपर्यंत संपवा. त्यानंतर धावपळीचे खेळ नकोत. चघळायला एखादं खेळणं, जमिनीवर विखुरलेले खाऊचे दाणे नाकाने शोधायला लावणं, चाटायला काहीतरी. चघळणं, चाटणं आणि हुंगणं यांनी पिल्लू निवतं.

झोपण्याआधीची शू ही सगळ्यांत दुर्लक्षित पायरी. दारातून बाहेर, दोन थेंब, ‘झालं’ म्हणून आत, असं होतं. पिल्लं पुष्कळदा एका फेरीत मूत्राशय पूर्ण रिकामं करत नाहीत. पहिली शू झाल्यावर आणखी पाच मिनिटं तिथेच थांबा, चार पावलं चालवा. दुसऱ्यांदा होतेच असं नाही, पण झाली तर पहाटेची अर्धी लढाई तिथेच संपते. पिल्लू दहालाच पेंगत असेल आणि तुम्ही अकराला झोपत असाल, तर अकराला त्याला हलकेच उठवून न्या. अर्धवट झोपेत गेलेलं पिल्लू परत येऊन लगेच झोपतं.

झोपायची जागा

क्रेट तुमच्या पलंगाजवळ ठेवा, निदान पहिले काही आठवडे. आई आणि भावंडांच्या उबेतून आलेल्या पिल्लाला एकट्या खोलीत ठेवलं तर ते भीतीने जागं होतं, आणि त्याची पहिली हालचाल तुम्हाला ऐकू येत नाही ती वेगळीच. आकार इतकाच असावा की पिल्लू उभं राहील, वळेल, पसरून झोपेल. फार मोठा असला तर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात बिछाना अशी वाटणी होते.

उजेड अडवा. डोळ्यांत उजेड गेला की शरीरातलं झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, कमी होतं, आणि कुत्र्याचे डोळे मंद उजेडातही चांगलं पाहतात. जाड पडदा लावा, पडद्याच्या फटी बुजवा, क्रेटवर चादर टाका. एक बाजू हवेसाठी उघडी ठेवायची.

आवाज अडवणं अवघड असतं, कारण माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. पहाटेचे पक्षी, पाण्याचा पंप, शेजारचं दार हे सगळं त्याच्या कानांवर आपटतं. पंख्याचा एकसुरी आवाज रात्रभर चालू ठेवला तर हे छोटे आवाज त्यात बुडतात. वारा थेट पिल्लावर येणार नाही एवढं पाहा, कारण पहाट ही रात्रीतली सर्वांत गार वेळ आणि लहान पिल्लाला स्वतःची ऊब टिकवणं कठीण जातं. अंगाचं मुटकुळं करून थरथरत उठणाऱ्या पिल्लाला फक्त आणखी एक पांघरूण हवं असतं. कापड फाडून गिळणारं पिल्लू असेल तर पांघरूण बाहेरून, क्रेटवर घाला.

पहाटेची दहा मिनिटं

पिल्लाने आवाज दिला आणि शूची शक्यता आहे, तर लगेच उठा. पण असं उठा की त्यात पिल्लाला काडीचीही मजा वाटू नये. मोठा दिवा लावू नका. बोलू नका. पट्टा लावा, कारण मोकळं सोडलं की पिल्लू खेळायला लागतं. रोजच्या जागी जा आणि स्थिर उभे राहा. शू झाली की हळू आवाजात एक शब्द पुरे. पाच-सात मिनिटांत काही झालं नाही तर तसेच आत या. थेट क्रेटमध्ये. खाऊ नाही, कुरवाळणं नाही, मांडीवर घेणं नाही. तुम्हीही पुन्हा आडवे व्हा. झोप लागली नाही तरी पडून राहा, कारण तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात की पिल्लाच्या दृष्टीने दिवस सुरू झाला.

कोरडेपणाने वागणं मनाला लागतं. इतकं लहान जीव, शेपूट हलवतंय, आणि आपण तोंड फिरवायचं. मला पहिल्या तीन दिवशी फार वाईट वाटलं. पण त्याच पिल्लाला दोन तासांनी पोटभर माया मिळणार आहे. आपण फक्त मायेची वेळ ठरवतो आहोत.

गजर लावून वेळ पुढे सरकवणं

सवय मोडण्यासाठी माझ्या अनुभवात सर्वांत खात्रीची पद्धत हीच. वहीवरून पिल्लू सहसा किती वाजता उठतं ते पाहा. समजा पाच. गजर पावणेपाचचा लावा, आणि पिल्लू झोपलेलं असतानाच तुम्ही त्याला उचलून बाहेर न्या, वर सांगितलेल्या पद्धतीनेच, आणि परत आणून ठेवा. यामागचं कारण असं की पिल्लाने हाक मारण्याआधीच त्याची गरज भागली, तर ‘मी ओरडलं की माणूस येतो’ हा धागाच तुटतो. शिवाय अर्धवट झोपेतलं पिल्लू परत झोपण्याची शक्यता जास्त.

तीन दिवस पावणेपाच. मग तीन दिवस पाच. मग सव्वापाच, साडेपाच, असं दर तीन दिवसांनी १५ मिनिटं पुढे. या गतीने २२व्या दिवशी तुम्ही साडेसहाला पोहोचता. मध्येच पिल्लू गजराआधी ओरडून उठलं तर १५ मिनिटं मागे या, तिथे तीन-चार दिवस राहा, मग पुन्हा पुढे. काही पिल्लांना १५ मिनिटांची उडी झेपत नाही, त्यांच्यासाठी १० मिनिटं धरा. घाई करून एकदम अर्धा तास ढकलण्याचा मोह फार होतो, विशेषतः पहिला आठवडा छान गेल्यावर. तेवढं टाळा. जे मिळवलं ते गमावण्याची सर्वांत सोपी वाट ती आहे.

न्याहारी आणि जाग यांची फारकत

शरीर खाण्याची वेळ फार लवकर शिकतं. रोज पाच वाजून पाच मिनिटांनी वाटी येत असेल तर पावणेपाचला पोट जागं होतं, आणि पोटामागून पिल्लू. म्हणून उठणं आणि खाणं यांच्यामध्ये अंतर टाका. पहिल्या दिवशी १० मिनिटं, मग रोज थोडं वाढवत अर्धा-पाऊण तास. या मधल्या वेळात बाहेर फिरणं, हुंगणं, थोडा खेळ. अगदी लहान चणीच्या पिल्लाबाबत मात्र आधीचाच इशारा: उपाशी काळ डॉक्टरांशी बोलूनच वाढवा.

आणि दिवस सुरू झाल्याची एक ठळक खूण ठरवा. पडदा सरकवणं, दिवा लावणं आणि उत्साहाने ‘चला उठा!’ म्हणणं, रोज त्याच क्रमाने. ही खूण घडली की लाड, बोलणं, सगळं मोकळेपणाने. ती घडेपर्यंत रात्र. पिल्लं हा फरक आश्चर्य वाटावं इतक्या लवकर ओळखतात. घरातल्या प्रत्येकाने हे पाळायला हवं. एकाने चोरून पाचला बिस्किट दिलं तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते, कारण कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसासाठी पिल्लू रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षाही जास्त चिकाटीने ओरडतं.

रडण्याकडे दुर्लक्ष कधी करायचं

‘रडू द्या, आपोआप गप्प बसेल’ हा सल्ला ३ महिन्यांखालच्या पिल्लाला लावू नये असं माझं ठाम मत आहे. ते शू धरू शकत नाही. बोलावूनही कोणी आलं नाही तर ते अंथरुणातच करतं, आणि एकदा अंथरुणात करण्याची लाज गेली की स्वच्छतेची शिकवण कितीतरी मागे जाते.

मोठं पिल्लू, अर्ध्या तासापूर्वी शू झालेली, तब्येत ठीक, अंग उबदार, आणि तरी एका लयीत भुंकून मध्ये थांबून तुमच्याकडे बघतंय, तर ती मागणी आहे. तिथे उत्तर देऊ नका. उठायची वेळ झालीच असेल तर आठ-दहा सेकंदांची शांतता मिळू द्या आणि मग उठा, म्हणजे शांततेला उत्तर मिळालं असं होईल. दुर्लक्षाच्या सुरुवातीला भुंकणं काही दिवस वाढतं, हे आधीच माहीत असू द्या. नेमक्या त्या दिवशी हार मानली तर पिल्लू शिकतं की आणखी जोरात ओरडायला हवं.

पण लाळ गळणं, जाळीला चावणं, पंजे रक्ताळेपर्यंत खरवडणं, धापा टाकणं ही मागणी नाही. ही घबराट आहे. तिथे दुर्लक्ष करणं क्रूर आणि निरुपयोगी दोन्ही. क्रेट पलंगाला चिकटवा, जाळीतून हात आत ठेवा, दिवसा दार उघडं ठेवून क्रेटची गोडी लावा, आणि रात्रीची झोप लांबवण्याचं काम काही आठवडे बाजूला ठेवा.

अंथरुणात शू झालीच तर रागावू नका, पिल्लाला त्याचा संबंध कळत नाही. एन्झाइम असलेल्या स्वच्छतेच्या द्रावणाने धुवा. अमोनियाचा वास असलेलं काही वापरू नका, तो वास मूत्रासारखाच असल्याने पिल्लू पुन्हा तिथेच करतं.

डॉक्टरांकडे केव्हा

रात्रभर छान झोपणारं पिल्लू अचानक दर तासाला उठू लागलं, थेंब थेंब शू करतंय, कुंथतंय, शूमध्ये रक्त दिसतंय, पाणी नेहमीपेक्षा फार पितंय, किंवा पातळ शी होतेय, तर वेळापत्रकात खटपट करत बसू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जंत यांवर गजराचा काही उपयोग नाही.

मध्येच बिघडलं तर

साधारण ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येतात. हिरड्या ठणकतात आणि जुळलेली झोप पुन्हा मोडते. झोपण्याआधी थंड, मऊ चघळणं दिल्याने आराम पडतो. लस टोचल्याचा दिवस, घरात पाहुणे, घर बदलणं, दिवस मोठे होऊन लवकर उजाडणं, यांनीही वेळ मागे सरकते. अशा वेळी गजर १५ ते ३० मिनिटं मागे घ्या आणि तीन दिवसांच्या त्याच गतीने पुन्हा पुढे या. दुसऱ्या खेपेला हा प्रवास बहुधा लवकर होतो.

गजर कधी बंद करायचा? एखाद्या सकाळी गजर वाजण्याआधी तुम्हाला जाग येईल आणि पिल्लू डोळे उघडे ठेवून शांत पडलेलं दिसेल. असं सलग चार-पाच दिवस झालं की गजर काढून टाका. सुट्टीच्या दिवशी मात्र उठण्याची वेळ अर्ध्या तासाहून जास्त बदलू नका, निदान पिल्लू ६ महिन्यांचं होईपर्यंत. बिट्टी आता पावणेसातपर्यंत पडून राहते, आणि पडदा सरकल्याचा आवाज आला की मगच क्रेटमधून उठून आळस देते.